भवारी मॅडमचा मार्शल

"कोण हाय हा मार्शल? कुठल्या गावचा? कुणाच्या जिवावर उड्या मारतोय? आज मला त्याचा पत्ता पायजे म्हंजी पायजे!"

ओरडत होते तात्यासाहेब. तात्यासाहेब म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. ते ओरडायला लागले की जुन्नरच्या बाजारपेठेतले दुकानदार शटर अर्धं खाली ओढून घेतात, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो; पण इतकी वर्षं म्हणतोय की आता दुकानदारही तसंच सांगतात. त्या दिवशी ते स्टाफरूमच्या मधोमध उभे होते. प्राचार्य कपाटामागे, उपप्राचार्य प्राचार्यांच्या मागे, आणि आम्ही उरलेले प्राध्यापक जे सापडेल त्याच्या मागे. मी भूगोलवाल्यांच्या पृथ्वीच्या गोलामागे होतो. गोल लहान आणि मी मंचरच्या कांदा-बटाट्याच्या आडत्याचा मुलगा, अंगानं खाऊनपिऊन सुखी. त्यामुळे आफ्रिकेच्या दोन्ही बाजूंनी मी व्यवस्थित दिसत होतो.

समोर खुर्चीवर एकट्या भवारी मॅडम बसल्या होत्या. तोंडात हिरडा चघळत.

"बसा की तात्यासाहेब," त्या म्हणाल्या. "मार्शल माझा हाय. इंग्रजीच्या पेपरातला. विद्यापीठानं लावलाय."

तात्यासाहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्याचं कारण असं की आदल्याच दिवशी त्यांनी एसटी स्टँडसमोर, स्वतःच्या हात जोडलेल्या फोटोसकट, त्याच मार्शलचं स्वागत करणारा जुन्नर तालुक्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा फ्लेक्स लावून घेतला होता.

पण मी शेपटाकडून सुरुवात केली. तोंडाकडून सांगतो.

सुमन भवारी मढच्या पलीकडच्या, डोंगराला चिकटलेल्या एका वाडीतल्या. घरी भात, नाचणी, थोडी वरई. त्या वाडीतून इंग्रजीत एम.ए. झालेलं पहिलं माणूस म्हणजे ह्या. लहानपणी डोंगराच्या पलीकडच्या धारेवर गेलेल्या गुरांना अलीकडच्या धारेवरून हाक मारायची, ही त्यांची आवाजाची तालीम. तो आवाज घेऊन त्या कॉलेजात शिकवायला आल्या आणि माइक नावाची वस्तू कॉलेजातून नाहीशी झाली. त्यांनी वर्गात कादंबरीतल्या मार्शलचं भाषण वाचलं त्या दिवशी शिवनेरीवर आलेली सहल सावधान होऊन उभी राहिली होती, हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण सांगणारा माणूस खोटं बोलणारा नव्हता. निदान माझ्याइतका तरी नव्हता.

साडीवर पांढरे धावायचे बूट. खांद्याला पिशवी आणि पिशवीत पुस्तकापेक्षा हिरडे जास्त. गळ्याला बरा असतो म्हणून स्वतः चघळायच्या आणि समोर येईल त्याच्या हातावर एक ठेवायच्या. एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांना त्यांनी मोठ्या प्रेमानं हिरडा दिला. त्या गृहस्थांची जीभ अशी आवळून आली की त्यांना तोंडी परीक्षेत एकही प्रश्न विचारता आला नाही, आणि सगळी मुलं पहिल्या वर्गात पास झाली.

त्यांचं एक पालुपद होतं. कुणी काहीही सांगितलं की त्या विचारायच्या, "बरं. पुढं?" मुलानं उत्तर दिलं, "पुढं?" शिपायानं सांगितलं की पाणी आलं नाही, "पुढं?" एका बैठकीत प्राचार्य म्हणाले, महाविद्यालयाला शिस्त हवी. मॅडम म्हणाल्या, "पुढं?" प्राचार्यांनी पाणी मागवलं. पुढं काही नव्हतंच.

त्या कायम नोकरीत नव्हत्या. तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे दर सत्राला नवी ऑर्डर, आणि ऑर्डरवर तात्यासाहेबांची सही. "सही झाली तर मी मॅडम," त्या मला म्हणायच्या, "न्हाई झाली तर वाडीवरची सुमी. मधी काय बी न्हाई बघा, शेठ." मला त्या शेठ म्हणायच्या. मी अकाउंट्स शिकवतो, पण जैन, त्यात आडत्याच्या घरचा, मग आमच्या भागात माणूस शेठच असतो, खिशात काही असो वा नसो. त्यांचे मिस्टर किसन एसटीत ड्रायव्हर, जुन्नर-मढ गाडीवर. मॅडम जन्मभर जे बोलणार होत्या त्याची भरपाई म्हणून देवानं त्यांना हा नवरा दिला असावा. घाटात समोरून ट्रक आला तर हॉर्नसुद्धा ते विचार करून वाजवायचे.

माझा वर्ग आणि त्यांचा वर्ग यांच्यात प्लायवुडची भिंत. त्यामुळे त्यांनी शिकवलेली कादंबरी मी आणि माझ्या बी.कॉम.च्या पोरांनी फुकटात ऐकली. आमच्याकडे जमाखर्च लिहिता लिहिता पोरं डोळे पुसायची. मी विचारायचो, काय झालं रे? तर म्हणायची, सर, दामूला धरून नेलं.

आता ही कादंबरी काय, ते सांगतो. दूर कुठल्याशा देशात एक हुकूमशहा असतो, त्याला मार्शल म्हणतात. त्याचा हुकूम असा की देशातल्या प्रत्येक घरानं जेवणाच्या वेळी पहिलं ताट मार्शलच्या नावानं वाढायचं. ते ताट गार होईपर्यंत घरातल्या माणसांनी हात बांधून बसायचं. मग शिपाई येणार, ते ताट नदीत ओतणार, आणि मग बाकीच्यांनी जेवायचं. त्या देशात एक मिठागरवाल्यांचं कुटुंब असतं. विधवा आई, तिचा थोरला मुलगा, दोन मुली. हे कुटुंब एक दिवस ठरवतं की आजपासून ताट वाढायचं नाही. झालं, एवढीच गोष्ट. त्या एका ताटापायी पुढं काय काय होतं ते उरलेल्या चारशे पानांत.

मॅडम येण्याआधी अशा कादंबऱ्या गाईडवरून शिकवल्या जायच्या. कथानक, पात्रं, महत्त्वाचे प्रश्न, संपलं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्यांची गाईडं गोळा केली आणि कॅन्टीनवाल्याला दिली. तो वर्षभर त्यात भेळ बांधत होता. चटणी लागलेलं 'मिठागरांचे प्रतीकात्मक महत्त्व' मी स्वतः वाचलेलं आहे. मग मॅडमनी फळ्यावर त्या कुटुंबाची परदेशी नावं लिहिली. दहा मिनिटं सगळा वर्ग आईचं नाव उच्चारायचा प्रयत्न करत होता. दोघांची जीभ चावली गेली. मॅडमनी फळा पुसला. म्हणाल्या, आजपासून हिचं नाव गंगूआत्या आणि थोरल्याचं दामू. पेपरात खरं नाव लिवा, पण रडायचं झालं तर ह्या नावानं रडा.

ताटाचं प्रकरण शिकवलं त्या दिवशी प्लायवुडपलीकडून अंजनावळे बाजूच्या एका मुलीचा आवाज आला. तिला विचारायचं होतं की ताट रोज वाढायचं तर मग ते खायचं कुणी? मॅडम म्हणाल्या, कुणीच नाही, नदीत. "भात वाढलेला असंल तरी?" मॅडम म्हणाल्या, तरी. आणि मग जो गदारोळ झाला, राव! मार्शलनं माणसं मारली, गावं जाळली, तेव्हा ही पोरं जांभया देत होती. पण शिजलेला भात रोज नदीत ओततो म्हटल्यावर भातखाचरात वाढलेली ती सगळी पिढी बाकावर उभी राहिली. एकानं विचारलं, निदान म्हशीला तरी का घालत नव्हते. दुसरा म्हणाला, शिपाई एकटाच येतो ना, मग बघून घेऊ त्याला. माझ्या वर्गातले चार जण मला न विचारता तिकडे निघून गेले.

मॅडमनी सगळ्यांना ओरडू दिलं. मग म्हणाल्या, "आता कळली तुमाला हुकूमशाही. पुढं? तुमच्यातल्या कुणाच्या घरात असं ताट हाय का, जे वाढल्याशिवाय दुसऱ्या कुणी घास उचलायचा न्हाई?"

कुणी हात वर केला नाही. मग शेवटच्या बाकावरचा एक हात अर्धा वर आला. मयूरीचा. मयूरी म्हणजे तात्यासाहेबांची नात. गाडीतून येणारी, गाडीतून जाणारी, आणि मधल्या वेळात कुणाशी अक्षर न बोलणारी मुलगी. मी हे दारातून पाहिलं, कारण मी माझी चार पोरं परत न्यायला गेलो होतो. मॅडम तिच्याकडे बघून म्हणाल्या, खाली घे हात, आणि पुढचं पान मोठ्यानं वाच. तिनं वाचलं. त्या वर्गानं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर कादंबरी कॉलेजात मावेना. किसन भवारींच्या संध्याकाळच्या गाडीत पोरं मढपर्यंत तिच्यावर बोलत जायची. दामूला काल रात्री नेलं, गंगूआत्या रडलीसुद्धा नाही, मिठागरावर कुणी कामाला यायला तयार नाही. मागच्या सीटवर एक म्हातारी रोज ऐकत होती. एक दिवस उतरताना तिनं किसनरावांच्या हातात फडक्यात बांधलेले घरच्या भाताचे तांदूळ दिले. म्हणाली, "त्या गंगूकडं पोचीव. माणूस धरून नेलेल्या घरात चूल पेटवायचं भान ऱ्हात न्हाई."

किसनरावांनी ते बोचकं घरी नेऊन टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "गंगूला." एवढंच. मॅडम मला सांगत होत्या, आयुष्यात पहिल्यांदा मला पुढं विचारायचं सुचलं न्हाई. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः म्हातारीच्या घरी गेल्या आणि समजावून सांगितलं की आजी, ही बाई पुस्तकातली आहे, खरी नाही. म्हातारी म्हणाली, पुस्तकातली हाय म्हणून तिला भूक न्हाई का? आणि तांदूळ परत घ्यायला साफ नकार दिला. मग मॅडमनी कॅन्टीनच्या चुलीवर भात रांधला, वर्गात पत्रावळी मांडल्या, आणि सगळ्यांनी एकदम पहिला घास घेतला. कुणाचं ताट आधी नाही, कुणाचं मागं नाही. मी भिंतीपलीकडचा म्हणून मला दोनदा वाढलं.

मॅडमचं म्हणणं असं की कादंबरी नुसती वाचून भागत नाही, ती गावात आणून सोडायची आणि काय करते ते बघायचं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी वर्गाचे गट पाडले आणि एकेका गटाला एकेक प्रकरण दिलं. मयूरीच्या गटाला आलं 'मार्शलचा वाढदिवस'.

आता बघा, ही मुलगी जन्मल्यापासून आजोबांचे फ्लेक्स बघत वाढलेली. नावाआधी किती विशेषणं लागतात, फोटो कुठल्या कोनातून काढला की माणूस दूरदृष्टीचा वाटतो, शुभेच्छुकांचे चेहरे कुठल्या क्रमानं लावले की भांडणं होत नाहीत, हे ज्ञान तिच्याकडे घरचं. प्रश्न फक्त मार्शलच्या फोटोचा होता. तो गटातल्या पोरांनी सोडवला. आमच्या गावात एक बँडमास्तर आहे, लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवणारा. लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर गोंडे. त्याला काळा चष्मा घालून, छाती पुढे काढून उभा केला आणि फोटो घेतला. आजवर गावानं त्याला गाल फुगलेलाच पाहिलेला. गाल बसलेले असताना तो कसा दिसतो हे त्याच्या बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

फ्लेक्स कॉलेजच्या कोपऱ्यावर, रस्त्याकडे तोंड करून लागला. 'राष्ट्राचे पोशिंदे, मिठाचे तारणहार, मा. मार्शलसाहेब यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक : समस्त ताटं.'

मॅडमना वाटलं होतं, लोक थांबतील, विचारतील हा कोण, मग मुलं उत्तर देतील आणि प्रकरण समजावतील. मुलं दिवसभर फ्लेक्सखाली उत्तरं घेऊन उभी राहिली. एक माणूस विचारायला आला नाही. कारण आमच्याकडची रीतच तशी आहे. फ्लेक्सवरच्या माणसाला ओळखत नाही असं कबूल करणं म्हणजे आपली कुठं ओळखपाळख नाही हे जाहीर करणं. जो तो गाडी हळू करायचा, मान डोलवायचा आणि पुढे जायचा.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या कमानीवर नवा फ्लेक्स. पंचायतीला उभं राहू इच्छिणाऱ्या एका तरुण कार्यकर्त्यानं मार्शलसाहेबांना शुभेच्छा दिल्या होत्या. सोबत त्याचे मित्र, काळे चष्मे घालून. मग त्याच्या विरोधकाचा आला, त्याच्याहून फूटभर उंच. मग लोण नारायणगावला गेलं आणि तिथून महामार्गानं मंचरला. आमच्या वडिलांनी मला फोन केला आणि म्हणाले, कोपऱ्यात आपलाही एक बारका फोटो टाकून घे, उद्या माल अडकला तर उपयोगी पडेल. एसटीत एका माणसानं मी मार्शलसाहेबांचा माणूस आहे एवढं म्हटल्यावर त्याला खिडकीची जागा मिळाली. कुणी म्हणे, त्यांचं मूळ गाव घोडेगावकडे. कुणी म्हणे, माझं लग्न त्यांनीच जमवलं. खुद्द बँडमास्तर कमानीखाली हात जोडून उभा असलेला मी पाहिला. मला म्हणाला, पोशाख आपल्यासारखाच हाय शेठ, पण माणूस लई मोठा.

आणि तात्यासाहेब? ते रोज गाडीतून हे बघत होते आणि रोज त्यांचा चेहरा उतरत होता. आपल्या तालुक्यात एवढा मोठा माणूस येऊन बसलाय आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही. त्यांनी आपल्या माणसांना विचारलं. माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि सांगितलं, वरून आलाय. वरून म्हटल्यावर विषय संपला. तात्यासाहेबांनी सगळ्यांवर ताण करणारा फ्लेक्स लावला, फेटा मागवला, शाल मागवली आणि सत्काराला मार्शलसाहेबांना आणायला गाडी पाठवली. गाडी जुन्नरचा आणि मंचरकडचा असे दोन्ही तालुके हिंडली. शेवटी एका गल्लीत वाळत घातलेला लाल कोट बघून ड्रायव्हर थांबला, मोबाइलवर फोटो दाखवला आणि हे साहेब कुठं राहतात असं विचारलं. कपडे पिळणारी बाई म्हणाली, "हे? हे आमचं येडं."

फोटो कॉलेजच्या पोरांनी काढला, एवढं त्या येड्याकडून कळलं, आणि अशा रीतीनं तात्यासाहेब आमच्या स्टाफरूममध्ये आले. मी पृथ्वीमागे का होतो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मार्शल पेपरातला आहे हे कळल्यावर त्यांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की जास्त भीती वाटते. त्यांनी सांगितलं, ज्या कार्ट्यांनी फ्लेक्स लावला त्यांना मी कॉलेजातून काढणार. संस्थेच्या बैठकीत मॅडमनी येऊन नावं सांगायची. सांगितली तर पुढच्या सत्राची ऑर्डर निघेल. नाही सांगितली तर नाही.

पहिलं नाव कुणाचं, हे मॅडमना माहीत होतं, मला माहीत होतं, वर्गाला माहीत होतं. फक्त तात्यासाहेबांना माहीत नव्हतं. आणि ते कळलं असतं तर काय झालं असतं हेही उघड होतं. मयूरीला बघायला पाहुणे आधीच यायला लागले होते. तिच्या शिकण्याला घरात एकच आधार होता, तो म्हणजे आजोबांना कॉलेज आपलंच आहे म्हणून वाटणारा अभिमान. तो गेला की दुसऱ्या दिवसापासून ती घरात. परीक्षा नाही, पदवी नाही.

मुलगी आपण होऊन मॅडमकडे आली. म्हणाली, मी सांगते आजोबांना, तुमची नोकरी नको जायला. मॅडमनी तिच्या हातावर हिरडा ठेवला आणि सांगितलं की गुन्हा कबूल करणं ही परीक्षेनंतर करायची गोष्ट आहे, तोवर अभ्यास कर. मी मॅडमना म्हटलं, मला माहीत नाही म्हणून मोकळ्या व्हा. त्या म्हणाल्या, माहीत हाय ना पण, शेठ.

बैठकीला शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी होतो. टेबलावर कांदाभजी, भोवती संचालक मंडळ, कोपऱ्यात हेडक्लार्क इतिवृत्त लिहायला. हेडक्लार्क म्हणजे असा माणूस की बैठकीत कुणी शिंकलं तरी 'सर्वानुमते' म्हणून लिहून घ्यायचा. तात्यासाहेब म्हणाले, "फ्लेक्स कुणी कुणी लावलं त्यांची नावं सांगा. समदी."

मॅडम उभ्या राहिल्या. "समदी सांगते. पयलं नाव तुमचं, तात्यासाहेब. एसटी स्टँडसमोर. फोटोत हात जोडलेत."

कुणीतरी भजं गिळायचं विसरलं. मॅडम थांबल्या नाहीत. उपाध्यक्षांचं नाव, बाजाराच्या कमानीचं. खजिनदारांचं, नारायणगावच्या चौकातलं, त्यात त्यांचे मेहुणेही होते. एकेका संचालकाकडे बोट करून त्या जागा, उंची आणि फोटोतल्या चष्म्याचा रंग सांगत गेल्या. प्राचार्य खुर्चीत खाली खाली सरकत होते; तेवढ्यात मॅडमनी सांगितलं, प्राचार्यसाहेब खालच्या ओळीत डावीकडनं दुसरे. आमच्या वडिलांचंही नाव आलं. मी मॅडमपुढे भजी सरकवली, पण त्यांनी घेतली नाहीत.

हेडक्लार्क घाम पुसत लिहीत होता. संपल्यावर त्यानं नम्रपणे विचारलं, "म्हणजे साहेब, ह्या सर्वांना कॉलेजातून काढायचं, असं लिहू?"

मी चाळीस बैठका पाहिल्या असतील, चारशे म्हणा हवं तर. पण एवढी शांतता कुठल्याच बैठकीत ऐकली नाही. भज्यांचं तेल निथळताना ऐकू येत होतं. तात्यासाहेब हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचा हात मागे घेतला.

"आन कॉलेजच्या कोपऱ्यावरचा?" त्यांनी विचारलं. "तो पयला. तो कुणी लावला?"

"ते नाव मी सांगणार न्हाई," मॅडम म्हणाल्या. "ऑर्डर तुमची. ती तुमच्यापाशी ठिवा."

आणि पिशवी खांद्याला लावून त्या बाहेर पडल्या. पांढऱ्या बुटांचा आवाज येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दिवाळीनंतर ऑर्डर निघाली नाही. मॅडमच्या जागी एक सभ्य गृहस्थ आले. त्यांनी नवी गाईडं मागवली आणि उरलेली निम्मी कादंबरी चार तासांत संपवली. शेवटी काय होतं, असं मुलांनी विचारलं तेव्हा त्यांनी गाईडातलं वाक्य वाचून दाखवलं : 'कादंबरीचा शेवट अत्यंत परिणामकारक आहे.' बस्स. दामू तुरुंगात, गंगूआत्या मिठागरावर एकटी, शिपाई दाराशी आलेला, आणि शेवट परिणामकारक. प्लायवुडपलीकडे आता इतकं शांत असायचं की माझी पोरं जमाखर्चात चुका करायला लागली.

मग मला असं दिसायला लागलं की रविवारी दुपारी मढच्या गाडीला भलतीच गर्दी होते. मॅडमचा टी.वाय.चा सगळा वर्ग, वर माझे चार जण. जादा तास, असं घरी सांगून यायचे म्हणे. एका रविवारी मीही चढलो.

मढला गाडी झाडाखाली उभी राहते आणि परतीच्या वेळेपर्यंत तिथंच असते. त्या दिवशी ती उभी राहिली आणि एकही माणूस उतरला नाही. मॅडम शेताकडून चालत आल्या. झोडणी चाललेली असावी. केसांत, पदरावर भाताचं तूस. पायांत मात्र तेच बूट. त्या कंडक्टरच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, शेवटचं प्रकरण. मयूरी मधल्या जागेत दांडीला धरून उभी राहिली आणि मोठ्यानं वाचायला लागली. इंग्रजीतून एक परिच्छेद, मग मराठीतून. कारण नुसती पोरं नव्हती. बाजाराची पिशवी मांडीवर घेतलेल्या बाया होत्या, खिडक्यांना बाहेरून टेकलेली माणसं होती, टपावर दोघं होते. गाव म्हणून जे काही मढला असतं ते सगळं त्या गाडीत आणि गाडीभोवती होतं.

नेमकं त्याच दुपारी मढच्या चौकात तात्यासाहेबांच्या हस्ते उंच खांबावरच्या दिव्याचं उद्घाटन होतं. मांडव होता, खुर्च्या होत्या, हार होते, माणसं नव्हती. तात्यासाहेबांनी बराच वेळ रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं असणार. मग ते चालतच झाडाकडे आले. लोकांनी वाट दिली. त्यांनी गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला, दांडी धरली आणि आत पाहिलं.

मयूरीनं त्यांना पाहिलं. तिचा आवाज थांबला. गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं. मी तर माळशेजपर्यंत कुणी घेत नव्हतं असंच म्हणेन. तात्यासाहेब तिच्याकडे बघत होते, तिच्या हातातल्या पुस्तकाकडे बघत होते, आणि कॉलेजच्या कोपऱ्यावरचा तो पहिला फ्लेक्स कुणी लावला, ते नाव त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत होतं. मॅडमनी मान वळवली नाही. खिडकीबाहेर बघत त्या फक्त म्हणाल्या, "पुढं?"

मयूरीनं पान उलटलं आणि वाचायला लागली.

तात्यासाहेब पायरीवर उभे राहून एक अख्खा परिच्छेद ऐकत होते, हे मी शपथेवर सांगतो, आणि मी शपथ फारशी घेत नाही. ते ओरडतील म्हणून मी कान झाकायच्या तयारीत होतो. ते ओरडले नाहीत. पाय खाली घेतला, धोतराचा सोगा सावरला आणि गाडीच्या पुढच्या बाजूला गेले. तिथं किसनराव फडक्यानं काच पुसत होते.

"ही गाडी कधी सुटायची?" तात्यासाहेबांनी विचारलं, अगदी साध्या प्रवाशासारखं.

किसनरावांनी फडकं पिळलं.

"मार्शल मेला की."